न्यू जर्सीची गव्हर्नर निवडणूक: आईला काय सांगू?

पारिजात | १२ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी पिस्काटवेत राहते. मार्चमध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली, त्यामुळे ४ नोव्हेंबरला अमेरिकेत पहिल्यांदा मत देणार. (भारतात एकदाच दिलं होतं, नाशिकला, तेही बाबांनी स्कूटरवर बसवून नेलं म्हणून.)

काल फोनवर आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आम्ही गव्हर्नर निवडणार आहोत. ती म्हणाली, "राज्यपालाला कसली मतं देता? तो दिल्लीहून येतो ना?" मी हसले. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मलाही धड उत्तर देता आलं नसतं. बारा वर्षं या राज्यात राहून मला गव्हर्नर फिल मर्फींचं नाव माहीत आहे, बाकी ते दिवसभर काय करतात, देव जाणे.

तर प्रश्न दोन. एक, हा गव्हर्नर नक्की करतो काय? दोन, तुम्ही मत कशावरून ठरवता? कोणाला देऊ, हे विचारत नाहीये. ती भांडणं फेसबुकवर करा, इथे नकोत.

खवट | १२ ऑक्टोबर, रात्री ९:५२

"भांडणं नकोत" असं लिहिलेल्या धाग्याची शंभरी नक्की. रुमाल टाकून ठेवतो.

रारिटनकर | १२ ऑक्टोबर, रात्री १०:३१

पारिजात, अभिनंदन. आईंना सरळ "मुख्यमंत्री निवडतोय" असं सांगा. राज्यपाल हा शब्दच डोक्यातून काढा. नाव एक, काम वेगळं.

फरक इतकाच की इथल्या गव्हर्नरला आमदारांच्या बहुमताची गरज नसते. लोक थेट निवडतात आणि चार वर्षं कोणी अविश्वास ठराव आणून पाडू शकत नाही. त्यातही न्यू जर्सीचा गव्हर्नर म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात ताकदवान गव्हर्नरांपैकी एक. बऱ्याच राज्यांत अ‍ॅटर्नी जनरल, खजिनदार वगैरे लोक स्वतंत्रपणे निवडून येतात आणि गव्हर्नरच्या डोक्यावर मिरे वाटतात. इथे राज्यभरातून निवडून येणारी राज्य सरकारातली पदं दोनच: गव्हर्नर आणि त्याच्या जोडीने लेफ्टनंट गव्हर्नर. अ‍ॅटर्नी जनरल तोच नेमतो, राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीशही तोच (राज्याच्या सिनेटची, म्हणजे वरच्या सभागृहाची, संमती लागते). अर्थसंकल्पातला एखादा खर्च नाही आवडला तर फक्त तेवढी ओळ खोडायचा अधिकार आहे. भारतात एखाद्या मुख्यमंत्र्याच्या हातात हे एवढं असतं तर?

हे सगळं १९४७ च्या राज्यघटनेपासून. त्याआधी इथल्या गव्हर्नरला तीनच वर्षं मिळायची आणि लागोपाठ दुसऱ्यांदा उभंही राहता यायचं नाही. ती घटना जनतेने मंजूर केली तो दिवस होता ४ नोव्हेंबर १९४७. तुमचं पहिलं मतही ४ नोव्हेंबरलाच.

खवट | १२ ऑक्टोबर, रात्री १०:३८

मुख्यमंत्री म्हणालात तर आई विचारेल, कुठल्या गटाचा? आणि उपमुख्यमंत्री किती?

सुलभाकाकू | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

आधी कामाचं बोला रे. उद्या १४ तारीख म्हणजे मतदार नोंदणीचा शेवटचा दिवस. ज्यांनी या वर्षी शपथ घेतली आणि नंतर "करू की" म्हणत बसले त्यांनी हा धागा मिटून आधी ते करावं. पारिजात, तू केलीस ना?

टपालाने मत देणाऱ्यांना एक सांगते. आतल्या पाकिटाला सहीचा एक कागद जोडलेला असतो. तो फाडायचा नाही!! सही करायची आणि तसाच ठेवायचा. आमच्या ह्यांनी मागच्या वेळी जवळजवळ फाडलाच होता, "हे काय फालतू लोंबतंय" म्हणून. मी पोळ्या लाटत होते, तिथून ओरडले. तीस वर्षं या देशात राहून सूचना वाचायच्या नाहीत, याला काय म्हणावं.

पारिजात | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

हो काकू, केली. नागरिकत्वाच्या समारंभातच टेबल मांडून बसले होते, तिथेच फॉर्म भरला.

व्होल्टमीटर | १३ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मी या वेळी विजेच्या बिलावर मत देणार. जूनपासून आपली बिलं कंपनीनुसार साधारण १७ ते २० टक्क्यांनी वाढली. माझा धंदाच हा, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

आपली वीज ज्या ग्रिडमधून येते ते पीजेएम नावाची संस्था चालवते, १३ राज्यं आणि वॉशिंग्टन मिळून. दरवर्षी (म्हणजे ठरल्याप्रमाणे झालं तर) ते एक लिलाव करतात: उद्या गरज पडली तर वीज द्यायला तयार राहण्याचे पैसे किती घ्याल? जुलै २०२४ च्या लिलावात हा भाव दिवसाला मेगावॉटमागे सुमारे २९ डॉलरवरून जवळजवळ २७० वर गेला. नऊपट. कारणं एकात एक अडकलेली आहेत. डेटा सेंटरमुळे मागणी वाढली, जुनी वीजकेंद्रं बंद झाली, आणि नवे प्रकल्प ग्रिडला जोडून घ्यायच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे आहेत.

आता उमेदवार काय म्हणतात? डेमोक्रॅट मिकी शेरिल म्हणतात, पहिल्याच दिवशी आणीबाणी जाहीर करून दर गोठवीन. रिपब्लिकन जॅक चिटरेली म्हणतात, कार्बन उत्सर्जन कमी करायच्या राज्याराज्यांमधल्या करारातून राज्याला बाहेर काढीन आणि समुद्रातल्या पवनचक्क्या बंद. माझं मत: लिलावात ठरलेला भाव गव्हर्नरने डोळे वटारल्याने उतरत नाही. गोठवलात तर फरक कोणीतरी भरणार, आज नाही तर तीन वर्षांनी. आणि करारातून बाहेर पडून काही डॉलर वाचतील, पण नऊपटीचं दुखणं तिथे नाहीच. तो करार तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस्टींनी २०११ मध्ये सोडला, मर्फींनी २०२० मध्ये पुन्हा धरला. आता परत सोडा. जत्रेतला पाळणा आहे.

मॉरिसचा मावळा | १३ ऑक्टोबर, दुपारी १:०५

व्होल्टमीटर, तुम्ही दोघांना सारखंच झोडपून निःपक्षपाती झालात, पण आठ वर्षं राज्य कोणाचं होतं ते सोयीस्कर विसरलात. जुनी वीजकेंद्रं बंद होताना टाळ्या कोण वाजवत होतं? पवनचक्क्या येणार येणार म्हणता म्हणता एकही उभी नाही राहिली. घरात भाजी शिजायच्या आत शेगडी विकायची आणि मग उपाशी राहिलो म्हणून बोंब मारायची.

आणि वीज सोडा. प्रॉपर्टी टॅक्स बघा. राज्याची सरासरी २०२४ मध्ये वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेली. देशात सगळ्यात जास्त. माझा सरासरीच्या बराच वर आहे, आकडा लिहीत नाही, बायको हा धागा वाचते. चिटरेली स्वतः अकाउंटंट, शाळांना पैसे वाटायचं सूत्रच बदलायला हवं असं ते आधीपासून सांगत आलेत. २०२१ मध्ये मर्फींना जेमतेम तीन टक्क्यांनी सुटका मिळाली होती. तेव्हा ऐकायला हवं होतं.

हडसनचा हरी | १३ ऑक्टोबर, दुपारी १:४०

मावळे, प्रॉपर्टी टॅक्स गव्हर्नर लावतच नाही. तो तुमचं गाव, काउंटी आणि शाळा लावतात, निम्म्याहून जास्त शाळेसाठी. ५६४ गावं आहेत या एवढ्याशा राज्यात, प्रत्येकाला वेगळा महापौर, बहुतेकांना वेगळं पोलीस खातं, वेगळा बर्फ ढकलायचा ट्रक. "आमच्या शाळा उत्तम" म्हणून मॉरिस काउंटीत घर घ्यायचं आणि मग शाळेचं बिल आलं की राजधानी ट्रेंटनकडे बघून शिव्या द्यायच्या?

मॉरिसचा मावळा | १३ ऑक्टोबर, दुपारी १:५१

शिव्या कुठे दिल्या. आणि शाळेचा वाटा गावावर किती पडायचा हे ट्रेंटनहून येणाऱ्या मदतीवर ठरतं. ते सूत्र कोण बदलतं, तर गव्हर्नर आणि विधिमंडळ. गेल्या काही वर्षांत या बदलात किती गावांची मदत कापली गेली ते बघा.

सुलभाकाकू | १३ ऑक्टोबर, दुपारी २:३०

या मुद्द्यावर मावळा बरोबर आहे. आमच्या गावाची मदत कमी झाली, शाळेतली संगीताची शिक्षिका गेली. नातवाचं व्हायोलिन माळ्यावर पडलंय. (घरात शांतता आहे हे वेगळं.)

पण पासष्टी ओलांडलेल्यांनी अर्ज भरलेत की नाही? प्रॉपर्टी टॅक्सच्या सवलतीच्या योजना, अँकर, सीनियर फ्रीझ आणि नवीन स्टे एनजे, तिन्हीचा आता एकच अर्ज आहे, मुदत महिनाअखेर. तुम्ही तरुण मंडळी आईवडिलांच्या नावावर घर असेल तर तेवढं बघा.

रांगेतला | १३ ऑक्टोबर, सायंकाळी ७:११

मी एच-१बी व्हिसावर, तेरा वर्षं. मत नाही. पण प्रश्न विचारू शकतो ना? सप्टेंबरमध्ये या व्हिसावर ती एक लाख डॉलर फीची घोषणा झाली तेव्हापासून झोप उडाली आहे. गव्हर्नर यात काही करू शकतो का?

रारिटनकर | १३ ऑक्टोबर, सायंकाळी ७:३०

नाही. व्हिसा, ग्रीन कार्ड सगळं केंद्राचं. फार तर राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल कोर्टात जाऊ शकतो. पण तुमची ट्रेन, तुमच्या मुलांची शाळा, तुमचं वीजबिल हे सगळं राज्याचं. भाड्याने राहत असाल आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर अँकरचे ४५० डॉलर मिळतात, ते सोडू नका.

आणि जाता जाता, ग्रीन कार्डवाल्यांनी चुकूनही मतदार म्हणून नोंदणी करू नये. कोणी मॉलमध्ये फॉर्म पुढे केला, हसून सही मागितली, तरी नाही म्हणायचं. नागरिक नसताना मत दिलं तर थेट हकालपट्टीपर्यंत जाऊ शकतं.

रांगेतला | १३ ऑक्टोबर, सायंकाळी ७:३४

धन्यवाद. म्हणजे बिल भरायला मी राज्याचा, बोलायला कोणाचाच नाही. हलके घ्या.

संदर्भासहित | १४ ऑक्टोबर, सकाळी १०:१८

मी पुण्याहून. उमेदवारांबद्दल मला गम्य नाही, पण पारिजात यांच्या आईंचा प्रश्न विनोदी नाही, चांगला ऐतिहासिक प्रश्न आहे. आपलाही राज्यपाल निवडून येणार होता!

१९४७ च्या जुलैत सरदार पटेल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने प्रांतांच्या घटनेचा आराखडा घटना समितीपुढे ठेवला. त्यात गव्हर्नर हा प्रौढ मतदानाने, थेट लोकांकडून निवडला जावा अशी शिफारस होती, आणि ती तेव्हा मान्यही झाली. १९४८ च्या मसुद्यात दोन पर्याय आले: एक थेट निवडणूक, दुसरा असा की विधिमंडळाने चार नावं निवडायची आणि राष्ट्रपतींनी त्यातलं एक उचलायचं. मग १९४९ च्या मे महिन्याच्या अखेरीस सगळंच फिरलं आणि आजचं कलम १५५ आलं: राष्ट्रपतींनी नेमणूक करायची. नेहरूंनी या बदलाला पाठिंबा दिला.

युक्तिवाद असा होता की लोकांनी निवडलेला गव्हर्नर आणि लोकांनीच निवडलेल्या आमदारांचा मुख्यमंत्री, एका म्यानात दोन तलवारी. शिवाय फाळणी नुकतीच झालेली. प्रांतात केंद्राचा एक माणूस असलेला बरा, असं तेव्हा अनेकांना वाटलं. त्या वेळी ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण रारिटनकर म्हणतात ती न्यू जर्सीची घटना आणि आपला तो पहिला आराखडा, दोन्ही १९४७ मधले. एकाने गव्हर्नरला बळ दिलं, दुसऱ्याने दोन वर्षांत त्याची निवडणूकच काढून घेतली.

खवट | १४ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

आणि निवडणूक काढून घेतल्यावरही तलवारी दोनच राहिल्या. बारा आमदारांची यादी आठवा. महिनोन्महिने म्यानातच.

गोंयकार | १४ ऑक्टोबर, सकाळी ११:२५

आमच्या गोव्यात तर आधी नायब राज्यपालच होता, १९८७ च्या मेमध्ये घटक राज्य झालो तेव्हा बढती. त्यामुळे "लेफ्टनंट गव्हर्नर" ऐकलं की आमच्या बाबांच्या डोळ्यासमोर जुनी पणजी येते. न्यू जर्सीचा लेफ्टनंट म्हणजे उप का?

रारिटनकर | १४ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

हो, उप. आणि ते पद अगदी अलीकडचं, पहिल्यांदा निवडणूक झाली २००९ मध्ये. त्याआधी गव्हर्नर गेला की सिनेटचा अध्यक्ष दोन्ही खुर्च्यांवर बसायचा. २००१ मध्ये ख्रिस्टीन व्हिट्मन वॉशिंग्टनला गेल्या, २००४ मध्ये मॅकग्रीव्हींनी राजीनामा दिला, दोन्ही वेळा हेच. विधिमंडळही त्याचं आणि सहीही त्याचीच. शेवटी लोकांनी घटना दुरुस्त करून घेतली.

या वेळी शेरिल यांच्याबरोबर डेल कॉल्डवेल आहेत आणि चिटरेलींबरोबर मॉरिस काउंटीचे शेरिफ जिम गॅनन. वेगळं मत द्यायचं नाही, जोडी घ्यायची.

संदर्भासहित | १४ ऑक्टोबर, दुपारी १२:३२

दोन खुर्च्यांवरून आठवलं. आमचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन सप्टेंबर २०२५ मध्ये उपराष्ट्रपती झाले. त्यानंतर गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे महाराष्ट्राचा अतिरिक्त कार्यभार आला.

खवट | १४ ऑक्टोबर, दुपारी १२:३५

बघा, मुंबईचा कारभार शेवटी गुजरातकडे. संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे... जाऊ दे, हलके घ्या.

संपादक मंडळ | १४ ऑक्टोबर, दुपारी १:००

धाग्याचा विषय न्यू जर्सी आहे याची सदस्यांना आठवण करून देत आहोत.

खवट | १४ ऑक्टोबर, दुपारी १:०२

बरं. न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरता येत नाही, कायद्याने बंदी आहे, १९४९ पासून. अख्ख्या देशात असं हे एकच राज्य उरलंय. जो उमेदवार "ही बंदी उठवीन" म्हणेल त्याच्या विरोधात मी मत देणार. थंडीत गाडीत बसून काच दोन बोटं खाली करून "रेग्युलर, फुल" म्हणण्यात जे राजेपण आहे ते ड्रमथ्वॅकेटमध्येही नाही.

गोंयकार | १४ ऑक्टोबर, दुपारी १:१५

ड्रम काय?

रारिटनकर | १४ ऑक्टोबर, दुपारी १:२२

ड्रमथ्वॅकेट. प्रिन्स्टनमधला गव्हर्नरचा अधिकृत वाडा. मर्फी तिथे राहिलेच नाहीत, ते मिडलटाउनच्या आपल्या घरी. मलबार हिलच्या राजभवनासारखा समुद्र नाही ना तिथे.

हडसनचा हरी | १४ ऑक्टोबर, दुपारी १:३०

समुद्र हवा असेल तर ख्रिस्टींना विचारा. २०१७ च्या जुलैत अर्थसंकल्प अडला म्हणून सरकारी समुद्रकिनारे जनतेला बंद, आणि स्वतः सहकुटुंब त्याच किनाऱ्यावर खुर्ची टाकून. विमानातून फोटो निघाला. बाकी कारकीर्द लोक विसरले, खुर्ची नाही विसरले.

रिचमंडची रेवती | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

आमच्याकडे व्हर्जिनियातही त्याच दिवशी निवडणूक, कोणीतरी आमचीही दखल घ्या! अध्यक्षीय निवडणुकीच्या पुढच्याच वर्षी गव्हर्नर निवडणारी आपली दोनच राज्यं, म्हणून सगळा देश आपल्याकडे नाडीपरीक्षेसाठी बघतो. आमच्या गव्हर्नरला तर लागोपाठ दुसऱ्यांदा उभंच राहता येत नाही. चार वर्षं झाली की नारळ. आणि या वेळी दोन्ही मोठ्या पक्षांच्या उमेदवार बायका, स्पॅनबर्गर आणि अर्ल-सीअर्स, त्यामुळे कोणीही येवो, आमच्या राज्याला पहिली बाई मिळणार.

सुलभाकाकू | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

आमच्याकडे व्हिट्मनबाई १९९४ मध्येच आल्या हो. त्यांच्या आधी फ्लोरिओ होते, त्यांनी १९९० मध्ये कर वाढवले आणि लोकांनी '९३ मध्ये घरी बसवलं. तेव्हा आम्ही एडिसनला नवीन होतो, ओक ट्री रोडला आजच्यासारखी गर्दी नव्हती, मेथीची जुडी मिळाली की मैत्रिणींना फोन करायचो.

कांदेपोहे | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

आपला मराठी माणूस कधी गव्हर्नर होणार? बॉबी जिंदल झाले, निकी हेली झाल्या, आता ओहायोत विवेक रामस्वामी २०२६ साठी उभे. सगळे पंजाबी आणि तमिळ. आपण काय फक्त ढोल-ताशा पथक काढायचं?

रारिटनकर | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:४५

श्री ठाणेदार विसरलात? बेळगावचा माणूस. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत) उतरले, स्वतःचे कोटीभर, रुपये नाही, डॉलर घातले, आणि तिसरे आले. ग्रेचेन व्हिट्मर जिंकल्या. पण गडी थांबला नाही. २०२० मध्ये राज्याच्या प्रतिनिधिगृहात, २०२२ मध्ये डेट्रॉईटमधून थेट काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत.

खवट | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:५०

जिंकले असते तर सत्कार कोणी करायचा यावर महाराष्ट्र आणि कर्नाटकात आणखी एक खटला सुरू झाला असता.

रांगेतला | १५ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

कांदेपोहे, नाव आपलं असलं म्हणजे माणूस आपल्या कामाचा असतो असं नाही, हे एव्हाना कळायला हवं. माझ्यासारख्या ग्रीन कार्डच्या रांगेतल्या लोकांविरुद्ध सगळ्यात तावातावाने बोलणारे बघा. त्यातले कितीतरी आपलेच, रांग पार करून गेलेले.

कांदेपोहे | १५ ऑक्टोबर, सकाळी १०:२१

हे लागलं. पण खरं आहे.

हडसनचा हरी | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:३३

मूळ धाग्याकडे. पारिजात, मी कशावर ठरवतो? ट्रेनवर. काल ट्रम्प म्हणाले की हडसनखालच्या गेटवे बोगद्याचा प्रकल्प "संपवला". आता तो खरोखर संपतो की नुसती धमकी ते कळेल, पण मी रोज ज्या बोगद्यातून जातो तो १९१० चा आहे आणि २०१२ च्या सँडी वादळात त्यात खारं पाणी शिरलं. गेल्या वर्षी जुलैत भाडं १५ टक्के वाढलं, या मेमध्ये इंजिन चालकांचा तीन दिवस संप. २०१० मध्ये याच जागी दुसऱ्या बोगद्याचं काम सुरू झालेलं असताना ख्रिस्टींनी ते रद्द केलं. तो झाला असता तर आज मी हे फलाटावर उभा राहून टंकत बसलो नसतो. एका गव्हर्नरची एक सही, आणि पंधरा वर्षं लाखो माणसं फलाटावर. म्हणून मी शेरिल. वॉशिंग्टनशी भांडायची तयारी असलेला माणूस मला हवाय.

मॉरिसचा मावळा | १६ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

किंवा वॉशिंग्टनशी बोलता येईल असा माणूस. भांडून पैसे आले असते तर आमच्या सोसायटीचं गटार केव्हाच झालं असतं. बोगदा हवाच, त्यात दुमत नाही. तो कोण आणेल एवढाच वाद.

व्होल्टमीटर | १६ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

या धाग्यावर पहिल्यांदाच हरी आणि मावळा एका गोष्टीवर सहमत. वाचनखूण साठवली.

कांदेपोहे | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:००

मी खरं सांगू? मी मतच देत नाही. हे राज्य निळंच (म्हणजे डेमोक्रॅटांचंच) आहे, २०२४ लाही ट्रम्प इथे हरलेच. माझ्या एका मताने काय होणार?

सुलभाकाकू | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

१९८१ मध्ये टॉम कीन १,७९७ मतांनी गव्हर्नर झाले. अख्ख्या राज्यात. आपल्या मंडळाच्या गणपतीला याहून जास्त लोक मोदकाच्या रांगेत असतात.

रारिटनकर | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:०५

आणि राज्य निळं म्हणजे गव्हर्नर निळा असं इथे नसतं. १९६५ नंतर २०२१ पर्यंत कुठल्याही पक्षाला गव्हर्नरपद सलग तीनदा जिंकता आलं नाही. मर्फी दोनदा झाले. म्हणजे या वेळी इतिहास चिटरेलींच्या बाजूला आणि ट्रम्प यांच्याबद्दलचा राग शेरिल यांच्या. २०२१ मध्ये जेमतेम ४० टक्के लोकांनी मत दिलं, त्यामुळे कांदेपोहे, तुमच्या घरी बसण्यालाही वजन आहे. शिवाय त्याच मतपत्रिकेवर विधानसभेच्या सगळ्या ८० जागा आणि तुमच्या शाळेचं मंडळ. तिथे तर पाच-पन्नास मतांनी निकाल फिरतात.

कांदेपोहे | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

काकूंच्या मोदकांनी मारलं. जातो.

पारिजात | २६ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

मंडळी, दिवाळीच्या गडबडीत इकडे यायला जमलं नाही. सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. काल आगाऊ मतदान सुरू झालं, पहिल्याच दिवशी जाऊन आले.

ओळखपत्र घेऊन गेले होते, कोणी मागितलंच नाही. टेबलावरच्या आजींनी टॅबलेटवर सही घेतली, माझं आडनाव तीन वेळा चुकवलं आणि प्रत्येक वेळी माफी मागितली. यंत्रापुढे मी बराच वेळ उभी होते. गव्हर्नरचं मनात ठरलं होतं, ते झटकन झालं. अडले कुठे, तर शाळेच्या मंडळावर! सगळी नावं अनोळखी. रारिटनकर, तुम्ही सांगितलं होतंत आणि मी तेवढंच बघून गेले नव्हते. एक जागा रिकामी सोडून आले, तेवढी रुखरुख आहे.

मत वीज, ट्रेन की टॅक्स कशावर दिलं? खरं सांगायचं तर संगीताच्या शिक्षिकेवर. माझी मुलगी चौथीत आहे आणि बासरी शिकते. दोघांच्याही साइटवर शाळांबद्दल काय लिहिलंय ते शेवटपर्यंत वाचलं आणि त्यावर ठरवलं. कोणाला ते सांगणार नाही.

सुलभाकाकू | २६ ऑक्टोबर, दुपारी ४:२५

शाब्बास ग बाई. चिवडा-लाडू उरलेत, ये कधीही.

व्होल्टमीटर | २६ ऑक्टोबर, दुपारी ४:४०

वीज हरली, बासरी जिंकली. मान्य.

संदर्भासहित | २६ ऑक्टोबर, सायंकाळी ५:०२

आणि आईंना काय सांगितलंत?

पारिजात | २६ ऑक्टोबर, सायंकाळी ५:२०

ठरल्याप्रमाणे, मुख्यमंत्री निवडला म्हणून सांगितलं. ती एक मिनिट गप्प. मग म्हणाली, "बरं. पण मग त्याला शपथ कोण देतं? राज्यपाल तर नाही ना तुमच्याकडे?" आता याचं उत्तर द्या.

रारिटनकर | २६ ऑक्टोबर, सायंकाळी ५:३५

आईंना माझा नमस्कार सांगा. मर्फींना राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या सरन्यायाधीशांनी दिली होती. नव्या गव्हर्नरचा कार्यकाळ जानेवारीच्या तिसऱ्या मंगळवारी सुरू होतो, म्हणजे २० जानेवारी २०२६.

खवट | २६ ऑक्टोबर, सायंकाळी ५:३७

किती वाजता?

रारिटनकर | २६ ऑक्टोबर, सायंकाळी ५:३८

दुपारी बाराला. घटनेतच लिहिलंय.

खवट | २६ ऑक्टोबर, सायंकाळी ५:३९

म्हणजे पहाटे उठायला नको.